उघडण्याची तारीख आणि बंद करण्याचा आकडा

११ जुलै २०२० रोजी फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळचं ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ जवळपास चार महिन्यांनी उघडलं. चार पार्कांपैकी दोन त्या दिवशी, उरलेली दोन १५ जुलैला. मधल्या एका दिवशी, १२ जुलैला, फ्लोरिडात एका दिवसात १५,३०० नव्या करोना रुग्णांची नोंद झाली. तोवर अमेरिकेतल्या कोणत्याच राज्याने एका दिवसात एवढे रुग्ण पाहिले नव्हते. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून तेव्हा बरीच टीका झाली. पण त्या टीकेत एक घोटाळा होता. १२ तारखेचे रुग्ण ११ तारखेच्या पार्कातून आलेले असणं शक्यच नव्हतं. त्यांना लागण झाली होती ती आठवडा-दोन आठवडे आधी, दुसरीकडे कुठेतरी. डिस्नेने ती लाट आणली नाही. लाट ऐन भरात असताना डिस्ने उघडलं, आणि ते थांबवायची सोय कुणी करूनच ठेवली नव्हती. माझा आक्षेप आहे तो याला.

साथीच्या काळात मनोरंजनाची मोठी ठिकाणं उघडावीत की नाही, यावर दोन वर्षं कडाक्याचे वाद झाले. त्यातला जवळजवळ प्रत्येक वाद ‘आत जाणं सुरक्षित आहे का’ या एकाच प्रश्नाभोवती फिरला. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. उघडण्याची परवानगी देताना बंद करण्याचा आकडा आधी जाहीर झाला होता का, आणि बंदच्या काळात कामगाराचं घर कोण चालवणार हे ठरलं होतं का, हे खरे प्रश्न होते. ते ठरलेलं असेल तर धाडसी उद्घाटनही समर्थनीय ठरतं. नसेल तर कितीही सॅनिटायझरच्या बाटल्या ठेवा, तो निर्णय दुसऱ्याच्या जिवावर घेतलेला असतो.

आधी पार्कांच्या बाजूने बोलायला हवं, कारण ती बाजू भक्कम होती. गर्दीच्या सार्वजनिक जागांमध्ये थीम पार्काइतकी काटेकोर जागा दुसरी नसेल. तिकिटाशिवाय प्रवेश नाही, फाटकं ठरलेली, रांगांना कठडे, कोणत्या राइडवर तासाला किती माणसं जातात याचा हिशेब रोजचाच. मनात आणलं तर गर्दी निम्म्यावर, पावावर आणता येते. भाजीमंडईत किंवा लोकलच्या डब्यात हे करून दाखवा! शांघाय डिस्नेलँड ११ मे २०२० ला उघडलं. एरवी तिथे दिवसाला ८०,००० माणसं मावत. सरकारने ३० टक्के, म्हणजे सुमारे २४,००० ची मर्यादा घातली आणि आपण त्याहूनही कमी लोकांना आत घेऊ, असं कंपनीने सांगितलं. फ्लोरिडात आगाऊ नोंदणी सक्तीची झाली. दोन वर्षांवरच्या प्रत्येकाला मास्क. मिरवणुका आणि आतषबाजी बंद, कारण त्या बघायला माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात. मिकी माउस लांबून हात हलवायचा, मिठी नाही. काही दिवसांतच लक्षात आलं की लोक हातात पेयाचा ग्लास धरून मास्क हनुवटीवर ओढून तासन् तास फिरतात. लगेच नियम आला: खायचं-प्यायचं तर एका जागी थांबून, इतरांपासून लांब. पळवाट दिसली की आठवड्याभरात बुजवणं सरकारी यंत्रणांना क्वचितच जमलं.

जपानमधलं उदाहरण तर आवर्जून सांगावं असं आहे. तिथल्या थीम पार्कांच्या संघटनांनी मिळून नियमावली काढली आणि तीत रोलर कोस्टरवर आरडाओरडा टाळावा, असं सुचवलं. ओरडताना तोंडातून तुषार उडतात आणि ते मागच्या रांगेवर जातात, हे त्यामागचं साधं कारण. लोकांनी हसण्यावारी नेलं. तेव्हा फुजी-क्यू हायलँड या पार्काने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. ७९ मीटर उंचीच्या ‘फुजियामा’ कोस्टरवर कंपनीचे दोन वरिष्ठ अधिकारी सूट घालून, मास्क लावून बसले आहेत. गाडी चढते, शिखरावरून कोसळते, वळणांवर आडवी होते. दोघांच्या तोंडून हूं की चूं नाही. शेवटी पाटी येते: ओरडा, पण मनातल्या मनात. जगभर लोक यावर हसले. मला मात्र त्यात एक मोलाची गोष्ट दिसते. नियम करणारे स्वतः त्या गाडीत बसले आणि नियम पाळता येतो हे त्यांनी दाखवलं. त्या वर्षात किती ठिकाणच्या किती अधिकाऱ्यांनी स्वतःच्या नियमांची अशी परीक्षा दिली?

तरीही आतल्या व्यवस्थेचा एक भाग केवळ धीर देण्यासाठी होता, हे मान्य करायला हवं. ६ जुलैला २३९ शास्त्रज्ञांनी एक पत्र प्रसिद्ध करून विषाणू हवेतून पसरतो हे गांभीर्याने घ्या, असं म्हटलं. ९ जुलैला जागतिक आरोग्य संघटनेने बंदिस्त, गर्दीच्या जागी तशी शक्यता नाकारता येत नाही, इथवर मजल मारली. आणि ११ तारखेला ऑरलँडोत पाहुण्यांचं स्वागत झालं ते ताप मोजण्याच्या यंत्रांनी. लक्षणं दिसण्याआधीच माणूस इतरांना लागण देतो हे तोवर कळून चुकलं होतं. अशा माणसाला ताप नसतोच, मग यंत्राला काय दिसणार? जे उपयोगी पडलं ते मास्क, मोकळी हवा आणि विरळ गर्दी. कठडे पुसण्यात आणि कपाळं मोजण्यात मनुष्यबळ गेलं, आणि पाहुण्यांच्या मनात खोटी निश्चिंती आली.

पण समजा आतली व्यवस्था निर्दोष होती. तरी पार्क म्हणजे पार्काची भिंत नव्हे. ऑरलँडोला येणारं कुटुंब विमानाने येतं, हॉटेलात उतरतं, रात्री शहरात जेवतं, आठवड्याने परत आपल्या राज्यात जातं. त्याला राइडमध्ये बसवणारा माणूस संध्याकाळी भाड्याच्या घरात परततो, जिथे म्हातारी आई असते. शरद ऋतू आला तरी तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना पार्काशी जोडता येईल असा मोठा उद्रेक सापडला नव्हता, आणि उघडण्याच्या समर्थकांनी ते प्रमाणपत्रासारखं वापरलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजायला सहा वर्षं मागे जावं लागतं.

डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये गोवर पसरला. अमेरिकेत त्या साखळीतले १४७ रुग्ण मोजले गेले. ती साखळी मेक्सिको आणि कॅनडापर्यंत पोचली. त्यातूनच २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने शाळकरी मुलांच्या लसीकरणातली वैयक्तिक श्रद्धेची सवलत काढून टाकणारा कायदा केला. तो उद्रेक पार्काशी जोडता आला, कारण २००० सालापासून अमेरिकेत गोवर हटल्याचं जाहीर झालेलं होतं. एकेक रुग्ण उठून दिसत होता, अंगावरचं पुरळ लपत नव्हतं, प्रत्येकाला ‘तुम्ही कुठे गेला होतात’ हे विचारलं जात होतं. जुलै २०२० मध्ये यातलं काहीच नव्हतं. देशात रोज पन्नास-साठ हजार नवे रुग्ण सापडत होते; ओहायोत आजारी पडलेला माणूस ऑरलँडोला जाऊन आला होता की शेजारच्या बारमध्ये, हे शोधायला माणसंच नव्हती. म्हणून ‘उद्रेक सापडला नाही’ याचा थोडा अर्थ ‘शिस्त उपयोगी पडली’ असा आहे, आणि थोडा ‘शोधणं शक्य नव्हतं’ असा. पहिला अर्थ मी नाकारत नाही. पण दुसरा दडवून केवळ पहिल्याच्या बळावर धोरण आखणं अप्रामाणिक आहे.

आता तारखेकडे येऊ. डिस्नेने २७ मे २०२० ला स्थानिक काउंटीच्या समितीपुढे आराखडा मांडला आणि ११ जुलै ही तारीख मागितली. समितीने आणि पुढे राज्यपालांनी ती मान्य केली. मे अखेरीला फ्लोरिडात रोज हजाराच्या आसपास रुग्ण सापडत होते. ११ जुलैला ते दहा हजारांच्या वर होते. ज्या परिस्थितीकडे बघून तारीख दिली ती दहापटीने बिघडली, तारीख मात्र जागची हलली नाही. यात कुणी नियम मोडला असं नाही. मोडायला नियमच नव्हता. आराखड्यात मास्कचं, रांगांचं, रिकाम्या सोडायच्या आसनांचं तपशीलवार वर्णन होतं. रोजच्या रुग्णांची संख्या अमुक झाली की उद्घाटन आपोआप पुढे जाईल, असं कलम त्या परवानगीत नव्हतं.

त्याच कंपनीचं हाँगकाँगमधलं पार्क बघा. १८ जून २०२० ला उघडलं, शहरात रुग्ण वाढताच १५ जुलैला बंद झालं. म्हणजे फ्लोरिडातली उरलेली दोन पार्कं ज्या दिवशी उघडत होती, त्याच दिवशी. सप्टेंबरअखेर पुन्हा उघडलं, डिसेंबरच्या सुरुवातीला पुन्हा बंद झालं, फेब्रुवारी २०२१ मध्ये तिसऱ्यांदा उघडलं. हाँगकाँगमध्ये तेव्हा दिवसाला जितके रुग्ण होते, तितके फ्लोरिडात तासाभरातही नोंदले जात असतील. एकच कंपनी, तेच कौशल्य, तेच चित्रपटी राजवाडे. फरक होता तो बंद करायला सांगणाऱ्याच्या ठामपणाचा. अर्थात हाँगकाँगच्या पार्कात बहुसंख्य भागभांडवल तिथल्या सरकारचंच आहे, त्यामुळे मालक आणि नियंत्रक एकाच बाजूला उभे होते, हेही ध्यानात ठेवावं लागेल.

बंद करण्याचा अधिकार असणं म्हणजे तो कसाही वापरणं नव्हे. ३१ ऑक्टोबर २०२१ ला शांघाय डिस्नेलँडची फाटकं पाहुणे आत असतानाच बंद झाली. आदल्या दिवशी येऊन गेलेल्या एका बाईला लागण झाल्याचं कळलं होतं. तपासणी झाल्याशिवाय कुणालाही बाहेर सोडलं नाही. रात्री उशिरापर्यंत तीस हजारांहून जास्त लोकांचे नमुने घेतले गेले. मुलांना कडेवर घेऊन रांगेत उभे असलेल्या त्या आईबापांना सकाळी तिकीट काढताना ही अट कुणी सांगितली होती? फ्लोरिडात बंद करण्याचा नियम नव्हता आणि शांघायमध्ये तो आधी न सांगता लोकांवर येऊन कोसळला. दोन्हीकडे पाहुणा आणि कामगार अंधारातच होते.

कॅलिफोर्नियाने मधला रस्ता धरला, आणि तो तत्त्वतः बरोबर होता असं माझं मत आहे. ऑगस्ट २०२० अखेर त्या राज्याने चार रंगांची पायरी आखली: जांभळा, लाल, नारिंगी, पिवळा. प्रत्येक काउंटीचा रंग मुख्यतः लाख लोकसंख्येमागे रोज किती नवे रुग्ण यावर ठरे, आणि रंग दर आठवड्याला तपासला जाई. रुग्ण वाढले तर रंग उलटाही फिरे. हवा होता तो हाच दुतर्फी नियम. चूक झाली ती पार्कांच्या बाबतीत. डिस्नेलँडला आपल्या ६५ व्या वाढदिवशी, १७ जुलै २०२० ला उघडायचं होतं. राज्याची नियमावली तयार नसल्याने ते रद्द झालं. ती नियमावली आली २० ऑक्टोबरला. तोपर्यंत पार्काच्या दाराशीच असलेला कंपनीचा बाजार जुलैपासून चालू होता, आणि मैलभरावरची उपाहारगृहंही. नियमावलीने मोठ्या पार्कांना पिवळ्या रंगाची, म्हणजे लाखामागे रोज एकाहून कमी रुग्णाची अट घातली. दक्षिण कॅलिफोर्नियात तेव्हा तो आकडा स्वप्नवत होता. कंपनीचे तेव्हाचे कार्यकारी अध्यक्ष बॉब आयगर त्याआधीच राज्यपालांच्या आर्थिक पुनरुज्जीवन समितीतून बाहेर पडले होते.

अट कडक होती म्हणून मी राज्याला दोष देत नाही. डिसेंबर-जानेवारीत दक्षिण कॅलिफोर्नियात अतिदक्षता विभागांत खाट मिळेनाशी झाली. तेव्हा पार्क चालू असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. दोष आहे तो चार महिने काहीच न सांगण्याचा. कडक अट लोक पाळतात. न सांगितलेली अट माणसाला हताश करते. मार्च २०२१ मध्ये राज्याने पायऱ्या बदलल्या: लाल रंगात १५ टक्के क्षमता, नारिंगीत २५, पिवळ्यात ३५. हीच शिडी ऑक्टोबरमध्ये मांडता आली असती. हिवाळ्याच्या लाटेत तिने पार्कं बंदच ठेवली असती, पण कधी उघडणार हे सगळ्यांना कळलं असतं. अखेर ३० एप्रिल २०२१ ला डिस्नेलँड उघडलं, फक्त कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी, पाव क्षमतेने.

महाराष्ट्राच्या वाचकाला असा नियम अनोळखी नाही. जून २०२१ मध्ये आपल्या राज्याने पाच स्तर आखले होते: पॉझिटिव्हिटी दर पाच टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या २५ टक्क्यांहून कमी खाटा भरलेल्या, तर पहिला स्तर, दर २० टक्क्यांवर किंवा ७५ टक्क्यांहून जास्त खाटा भरलेल्या, तर पाचवा. आकडे वर्तमानपत्रात छापून येत, जिल्हा कोणत्या स्तरात हे आठवड्याला कळे. महिना संपायच्या आतच विषाणूच्या डेल्टा प्लस प्रकाराच्या भीतीने सगळ्यांना तिसऱ्या स्तराखाली जायला बंदी झाली आणि त्या पद्धतीचा कणाच मोडला. तरी कल्पना चांगली होती. तिच्यात विचार नव्हता तो बंद राहणाऱ्याच्या पोटाचा. गावोगावच्या जत्रांत आकाशपाळणे लावणारी कुटुंबं दोन हंगाम रिकाम्या हाताने बसली. नाटकांचे पडद्यामागचे कामगार मिळेल ते करू लागले. स्तर ठरवणाऱ्या आदेशांत त्यांच्या उत्पन्नाबद्दल अक्षर नव्हतं.

अमेरिकेतल्या वादातही मला सर्वात जास्त टोचतं ते हेच. डिस्नेलँडच्या कामगार संघटनांनी जून २०२० मध्येच राज्यपालांना कळवलं होतं की पार्क सुरक्षितपणे उघडता येईल याची आमची खात्री पटलेली नाही. महिन्याच्या शेवटी त्यांनी, डिस्नेलँड जिथे आहे त्या अनाहाइममध्ये, मोटारींचा मोर्चा काढला. हे लोक कुठे राहतात? त्या उन्हाळ्यात काउंटीत सर्वाधिक रुग्ण अनाहाइम आणि सँटा अॅना या शहरांत, दाटीवाटीच्या कष्टकरी वस्त्यांत सापडत होते. २०१८ मध्ये संघटनांच्या पुढाकाराने झालेल्या एका पाहणीत डिस्नेलँडच्या ११ टक्के कामगारांनी मागच्या दोन वर्षांत कधी ना कधी स्वतःचं घर नसल्याचं सांगितलं होतं. आजारी पडल्यावर वेगळी खोली कुठून आणणार?

फ्लोरिडातला प्रसंग याहून बोलका आहे. जुलै २०२० मध्ये डिस्ने वर्ल्डच्याच आवारात अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचे २२ संघ मुक्कामाला आले. खेळाडूंची रोज चाचणी व्हायची, आणि विलगीकरण संपवून खेळायला उतरलेल्यांपैकी कुणालाही तिथे लागण झाली नाही. त्याच दिवसांत, त्याच आवारात, रंगमंचावर गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलाकारांची संघटना एकच मागणी करत होती: आम्हाला काम करताना मास्क लावता येत नाही, तेव्हा आमची नियमित चाचणी करा. कंपनीने ती मान्य केली नाही. कलाकारांशिवाय पार्कं उघडली. ऑगस्टमध्ये आवारात चाचणी केंद्र उभं राहिल्यावर तो तिढा सुटला. चाचणी करणं अशक्य होतं असं कुणी म्हणू शकणार नाही, कारण ती काही अंतरावर रोज होत होती. कुणाच्या आरोग्याची किंमत धरायची, एवढाच प्रश्न होता.

पाहुणा स्वखुशीने येतो, कामगारही स्वखुशीने येतो, मग तक्रार कसली, असं कुणी विचारेल. फ्लोरिडात बेकारी भत्ता आठवड्याला जास्तीत जास्त २७५ डॉलर, तोही १२ आठवडे. त्यावर केंद्राचे ६०० डॉलर मिळत होते, त्यांची मुदत जुलैअखेर संपत होती. पार्क ११ जुलैला उघडलं. कामावर बोलावणं आल्यावर नाही म्हणणाऱ्याचा भत्ताच धोक्यात येत होता. ज्याच्यापुढे हा हिशेब आहे त्याच्या होकाराला स्वखुशी म्हणणं मला जमत नाही.

आणि उघडल्याने नोकऱ्या तरी वाचल्या का? २९ सप्टेंबर २०२० ला डिस्नेने पार्क विभागातल्या २८,००० कामगारांना काढत असल्याचं जाहीर केलं; त्यातले दोन तृतीयांश अर्धवेळ होते. निवेदनात कॅलिफोर्निया निर्बंध उठवत नसल्याचा उल्लेख ठळक होता. पण फ्लोरिडातलं पार्क तेव्हा अडीच महिने उघडं होतं आणि तिथल्याही हजारो कामगारांवर ही कुऱ्हाड पडली. क्षमता पाव, विमानं रिकामी, लोक धास्तावलेले. नुसतं दार उघडून माणसं येत नाहीत.

पॅरिसजवळचं डिस्नेलँड ऑक्टोबर २०२० अखेर दुसऱ्यांदा बंद झालं ते १७ जून २०२१ पर्यंत. साडेसात महिने. पण फ्रान्समध्ये अशा काळात काम थांबलेल्या कामगाराला एकूण पगाराच्या किमान ७० टक्के मिळावेत आणि त्यातला मोठा भार सरकारने उचलावा, अशी व्यवस्था होती. त्यामुळे बंद ठेवायचं की उघडायचं हा वाद तिथे कामगाराच्या चुलीपर्यंत तेवढा पोचला नाही.

प्रत्येक देशाचं सरकार हे करेल अशी आशा मला नाही, म्हणून हा भार पार्कांनीही उचलावा असं मी म्हणतो. साथीआधीच्या २०१९ च्या आर्थिक वर्षात डिस्नेच्या पार्क आणि उत्पादन विभागाचा कार्यचालन नफा पावणेसात अब्ज डॉलरच्या आसपास होता. बरकतीच्या वर्षांत प्रत्येक तिकिटामागे थोडी रक्कम बाजूला काढून बंदच्या काळासाठी पगारनिधी उभारणं अशा कंपनीला जड नाही. निधीच्या कारभारात कामगार संघटनेचा माणूस असावा. पैसे कधी सुटणार हे व्यवस्थापनाच्या मर्जीवर न ठेवता, ज्या आकड्याला पार्क बंद होतं त्याच आकड्याला जोडावं. तो आकडा तिकीटखिडकीवर आणि कामगारांच्या हजेरीच्या जागी, दोन्हीकडे लावावा. म्हणजे संसर्ग वाढू लागला की बंद करा म्हणायला कुणाला कचरावं लागणार नाही, त्यात राइडवर उभा असलेला माणूसही आला.